भुतांपुढचे नाटक

नाटक पाहावयास गेलेल्या माणसाला कुणीतरी विंगेतून एकाएकी रंगमंचावर ढकलावे आणि त्याच क्षणी पडदा उघडावा, हे दुःस्वप्न हौशी रंगभूमीवर कधीकाळी तोंडाला रंग लावलेल्यांना नवे नाही. संवाद पाठ नाहीत, आपली भूमिका कोणती हे ठाऊक नाही आणि समोरचे प्रेक्षागृह मात्र भरलेले! या दुःस्वप्नाचाच कुणी खेळ केला असेल, असे आम्हांस वाटले नव्हते. घरातील तरुण मंडळींच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे पाहताना तो आमच्या दृष्टीस पडला. प्रथम हसू आले, मागाहून कुतूहल वाटले, आणि अखेरीस या प्रवेशाची नाट्यकृती म्हणूनच परीक्षा करावी असे मनाने घेतले. ज्या घरांत असे खेळ ‘वेळेचा अपव्यय’ या एका शब्दात निकालात काढले जातात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांसाठी हा लेख आहे. हे खेळ ज्यांच्या हातचा मळ झाले आहेत, त्या मुलांसाठीही तो तितकाच आहे.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. अमेरिकेतील ब्लिझार्ड या संस्थेने तो 2004 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केला. दूरदूरची माणसे आंतरजालाच्या द्वारे एकाच काल्पनिक जगात उतरतात, एकेक पात्र धारण करतात आणि टोळ्या करून राक्षसांशी लढतात, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. बाहेरून पाहता सारा मामला युद्धाचा. पण या खेळाच्या कर्त्यांना विनोदाची जुनी खोड आहे. शब्दांच्या कोट्या, प्रसिद्ध पुस्तकांची आणि चित्रपटांची विडंबने त्यात जागोजागी पेरलेली आढळतात. त्या खोडीचे सर्वांत पक्व फळ म्हणजे 2007 च्या जानेवारीत आलेल्या ‘बर्निंग क्रूसेड’ या पुरवणीतील काराझान नावाच्या मनोऱ्यातले नाट्यगृह.

काराझान हे मेडिव्ह नावाच्या मांत्रिकाचे निवासस्थान. त्याच्या वैभवाच्या काळात येथे मेजवान्या झडत. धनी गेला, पण पाहुणे गेले नाहीत. त्यांची भुते अजून त्याच दालनांत वावरतात, जेवणाच्या टेबलाशी बसतात. दहा खेळाडूंची टोळी या मनोऱ्यात शिरते आणि तबेला, भोजनगृह अशी दालने ओलांडीत नाट्यगृहाशी पोचते. येथे डोअरकीपर आहेत, ते हाडांचे सापळे. नट आहेत, तेही मेलेले. पडदे ओढणारे कामगारसुद्धा पिशाच्चेच. जिवंत माणसे गेली तरी नाटक कंपनी मात्र अखंड चालू आहे! मालक मेला, नट मेले, प्रेक्षक मेले, तरी प्रयोग रद्द झाला नाही, ही कल्पना ज्याला सुचली त्याला रंगभूमीचे वेड आतून ठाऊक असले पाहिजे.

विंगेत बार्न्स नावाचा रंगमंच-व्यवस्थापक उभा असतो. आपल्या संस्कृत नाटकातील सूत्रधाराचा हा दूरचा भाऊबंद. खेळाडू त्याला सांगतो, आम्ही काही नट नव्हे. तो शांतपणे धीर देतो, काळजी नको, तुम्ही तर उपजतच नट दिसता. मग तो पडद्यापुढे जातो, प्रेक्षकांचे स्वागत करतो, आजच्या कथेची ओळख करून देतो, आणि पडदा उघडतो. तेव्हा टोळीच्या ध्यानात येते की आपण प्रेक्षागृहात नसून रंगमंचावर उभे आहोत.

नाटके तीन आहेत. दर आठवड्यास त्यांतील एक आपोआप निवडले जाते. कोणते, ते बार्न्सने ओळख करून देईपर्यंत कळत नाही. या अनिश्चिततेत तिसऱ्या घंटेची हुरहूर बरोबर साधली आहे.

पहिले नाटक फ्रँक बॉमच्या 1900 साली प्रसिद्ध झालेल्या ओझच्या जादूगाराच्या कथेवरचे. डोरोथी येथे ‘डोरोथी’च राहते, केवळ इंग्रजी वर्ण बदललेले, तिचे कुत्रे टिटो, सोबत गवताचे बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह. मूळ कथेत ही चौकडी आपल्या प्रेमाची. येथे मात्र तिच्याशीच लढावे लागते, आणि चौघे पडल्यावर चेटकीण अवतरते. वरवर पाहता हा विपर्यास आहे. परंतु लढाईचे नियम पाहिले की लेखकाची नजर कळते. बुजगावण्यावर आगीचा मंत्र टाकला की ते भांबावते, कारण मूळ पुस्तकातही त्याला भय असते ते एका पेटत्या काडीचे. पत्र्याचा माणूस लढता लढता गंजत जातो आणि त्याची चाल मंदावते. पुस्तकात तो रानात गंजूनच खिळलेला सापडतो. सिंहाला धाक घातला की तो पळतो. डोरोथी पाण्याचे अस्त्र फेकते, आणि पुस्तकातील चेटकीण पाण्यानेच विरघळली होती हे वाचकांस आठवेल. चेटकिणीबरोबर येते ते वादळ, ज्याने मूळ कथेचा आरंभ झाला.

म्हणजे येथे पुस्तक वाचलेला मुलगा न वाचलेल्यापेक्षा चांगला लढतो. वाङ्मयाचे ज्ञान हेच शस्त्र होते. विडंबन हे मूळ कृतीवर ओरखडा काढणारे असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते चांगले विडंबन हा मूळ कृतीच्या बारकाईने केलेल्या वाचनाचा पुरावा असतो, आणि हा प्रवेश त्या कसोटीस उतरतो. चेटकिणीच्या लुटीत कधी माणकांचे जोडे मिळतात. ते घातले की खेळाडू आपल्या मुक्कामी परततो. बॉमच्या पुस्तकात हे जोडे चांदीचे होते, माणकांचे झाले ते 1939 च्या चित्रपटात. तेव्हा कर्त्यांनी पुस्तक आणि चित्रपट दोन्ही पचविले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे नाटक लाल टोपीवाल्या मुलीचे. रंगमंचावर एक आजीबाई उभी असते. तिच्याशी बोलणे सुरू केले की ती लांडग्याचे रूप प्रकट करते. मग लांडगा दहांपैकी कुणा एकाला निवडतो, आणि तो खेळाडू, मग तो कितीही दांडगा योद्धा असो, क्षणात लाल टोपीतली मुलगी होतो. त्याचे चिलखत निकामी, मंत्र बंद, शस्त्र उचलता येत नाही. फक्त पाय पूर्वीपेक्षा वेगाने चालतात. वीस सेकंद त्याने रंगमंचाभोवती धावत सुटायचे आणि लांडग्याने पाठलाग करायचा. पाहणाऱ्याची हसून मुरकुंडी वळते. धावणाऱ्याची स्थिती निराळी असते.

या हास्याच्या पोटात काय आहे? शार्ल पेरोच्या 1697 मधील कथेत लांडगा मुलीला गिळतो आणि कथा संपते. तिला सोडविणारे कुणी नाही. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पाठात शिकारी येतो आणि आजी-नात सुखरूप बाहेर पडतात. या खेळात शिकारी नाही. शिकाऱ्याची जागा उरलेल्या नऊ सोबत्यांनी घ्यावयाची आहे. ते चटकन हात चालवतील तर पेरोची कथा ग्रिमची होईल. ते हसत बसतील तर पेरोच खरा ठरेल. शिवाय पुढच्या खेपेस लांडगा कुणाला निवडील याचा नेम नाही. जो आता सोबत्याच्या धावपळीवर हसतो आहे, त्याच्याच डोक्यावर ती टोपी दुसऱ्या क्षणी येऊ शकते. दुर्बलाची भूमिका प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते, हे सांगण्यास एखाद्या उपदेशकाला पानेच्या पाने लागतील. येथे ते वीस सेकंदांत पायांना कळते. तिन्ही नाटकांत नाट्य म्हणून हे सर्वांत सरस, कारण यात सांगणे आणि घडणे यांत फट उरत नाही.

तिसरे नाटक शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटचे. येथे त्यांची नावे रोम्युलो आणि ज्युलियान. प्रथम ज्युलियान एकटी येते आणि पडते. मग रोम्युलो येतो, तोही पडतो. वाटते, संपले. तोच दोघे पुन्हा उठतात, आणि या वेळी एकत्र. आता नियम असा की दोघांचा अंत दहा सेकंदांच्या आत झाला पाहिजे. एक मागे उरला तर तो दुसऱ्याला पुन्हा जिवंत करतो, आणि सारा खटाटोप पहिल्यापासून.

हा नियम आम्ही प्रथम पाहिला तेव्हा थक्क झालो. मूळ शोकांतिकेचा गाभा काय? एकावाचून दुसऱ्याने जगायचे नाही. रोमिओ ती मेली असे समजून विष घेतो. ती जागी होते, त्याला मेलेला पाहते आणि खंजीर जवळ करते. त्या दोन मृत्यूंमधील थोडक्या अंतरात साऱ्या नाटकाचे दुःख साठले आहे. खेळाच्या कर्त्याने तेच अंतर उचलले आणि त्याचा नियम केला. ‘एक उरला तर दुसराही उठेल’ हे वाक्य प्रेमकवितेत शोभावे. येथे ते लढाईच्या हिशेबात येते, आणि तरीही खोटे वाटत नाही.

परंतु आमचा आक्षेपही येथेच आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने रंगमंचावर वध प्रत्यक्ष दाखवू नये असा दंडक घातला होता; शेक्सपिअरने असे बंधन मानले नाही, पण त्याच्या नाटकात या दोन मुलांना मारतो तो दोन घराण्यांचा जुना द्वेष, आणि अखेरीस त्यांच्या मृतदेहांपाशी ती घराणी एकमेकांचा हात धरतात. काराझानच्या रंगमंचावर तो द्वेष आपण होतो. दहा जणांची टोळी हेच माँटेग्यू आणि हेच कॅप्युलेट. मात्र शेवटी हात धरावयाचा प्रसंग येत नाही. येते ती लूट. रोम्युलोची विषाची कुपी, एकतर्फी प्रेमाच्या नावाचा एक खंजीर, ‘नैराश्य’ नावाची तलवार. नावे सूचक आहेत, विनोदही तिखट आहे, पण शोक कुठे आहे? तो करावयाचा कुणी? समोर बसलेली भुते तर कधीच मेलेली. ज्या प्रेक्षकाला मरण उरलेले नाही, त्याला करुण रस कसा उमजावा? कर्त्यांना हे जाणवले असेल, तर हा फार कडवट विनोद आहे. नसेल, तर ती या कृतीची उणीव आहे. आमचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे.

दुसरी उणीव पुनरावृत्तीची. जे दर आठवड्यास खेळावयाचे ते पहिल्या खेपेस नाटक असते. दहाव्या खेपेस ते वेळापत्रक होते. पहिल्यांदा ज्युलियान पुन्हा उठली तेव्हा ज्याच्या अंगावर काटा आला, तोच पुढे तिच्या उठण्याची वाट घड्याळ लावून पाहतो. रंगभूमीवरही शंभरावे प्रयोग होतात, हे खरे. पण तेथे नट दर रात्री नवा श्वास घेतो, आणि जुन्या प्रेक्षकाला तो जाणवतो. यंत्राला तो श्वास नाही. बार्न्सचे प्रास्ताविक कितीही खुसखुशीत असले तरी त्यातला विराम कधी बदलत नाही.

2016 च्या ऑक्टोबरात कर्त्यांनी हा मनोरा पाच खेळाडूंसाठी नव्याने उभारला आणि नाट्यगृहात तीन नवी नाटके आणली. या वेळी रोख संगीतिकांवर होता: ‘विकेड’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’. शेवटच्या नाटकातील टोनी हा नायक येथे ‘टो नी’ होतो; इंग्रजीत त्याचा अर्थ पायाचे बोट आणि गुडघा! त्याची प्रेयसी तर बेडूकमाशासारख्या एका जमातीची. हसू येते, नाही असे नाही. पण ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही स्वतःच रोमिओ-ज्युलिएटची नवी मांडणी, हे ध्यानात घेतले म्हणजे तुलना टळत नाही. जुन्या नाटकात नियमातून अर्थ फुटत होता. नव्यात बव्हंशी कोटीतून हशा फुटतो. कोटी एकदा कळली की संपते. दहा सेकंदांचा तो नियम मात्र अजून मनात घोळतो.

एवढे लिहून झाल्यावर आमच्या वाचकांच्या मनातील प्रश्नास उत्तर देणे भाग आहे: असल्या गोष्टींची समीक्षा कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. आमच्या पिढीने ओझची कथा पुस्तकात वाचली; पुढच्या पिढीतील पुष्कळांना ती प्रथम भेटते ती अशा रंगमंचावर, लढाईच्या धुमाळीत. त्याबद्दल हळहळून काही साधणार नाही. उलट एखादा मुलगा जेव्हा सांगतो की बुजगावण्यावर आग टाकायची, तेव्हा ‘का?’ एवढा एकच शब्द त्याला विचारावा. उत्तर शोधीत तो पुस्तकापर्यंत जाईल, आणि तेथे त्याला मेंदू मागणारे बुजगावणे, हृदय मागणारा पत्र्याचा माणूस, धैर्य मागणारा सिंह भेटतील. ज्यांना त्याने सात-आठ वेळा हरविले, त्यांना काय हवे होते हे त्याला प्रथमच कळेल. हे कळणे खेळाच्या लुटीत मिळत नाही. पण त्याची वाट खेळातूनच निघते.

काराझानचे नाट्यगृह थोर नाट्य नव्हे. मात्र थोर नाट्याची आठवण ठेवणाऱ्या हुशार माणसांनी ते बांधले आहे. तेथील विनोद जेथे मूळ कथेतून उगवतो तेथे तो टिकाऊ आहे, आणि जेथे नावांच्या कोट्यांवर भागवतो तेथे उथळ. व्यवस्थापक म्हणतो, तुम्ही उपजत नट आहात. आम्हांस वाटते, नट होणे त्या मानाने सोपे. त्या दालनात खरी वाण आहे ती जिवंत प्रेक्षकाची. खेळणाऱ्यांच्या खांद्यावरून डोकावून ती जागा घरातल्या कुणीतरी भरून काढावी.