श्वेतकेतूने न विचारलेला प्रश्न

विश्वाला आरंभ होता की नव्हता, आणि होता तर ते शून्यातून आले काय, हा वाद निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते नासदीय सूक्ताचे. सूक्त थोर आहे यात शंका नाही. पण त्याच्या आडून जो तो आपलेच म्हणणे रेटतो, म्हणून आज त्याला विश्रांती द्यावी. मला बोलायचे आहे छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाबद्दल. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मराठीचा मास्तर. संस्कृत वाचतो ते भाषांतराचे बोट धरून. तेव्हा हे पंडिताचे भाष्य नव्हे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने एका कथेचे केलेले वाचन आहे.

कथा मोठी सुरेख सुरू होते. श्वेतकेतू 12 व्या वर्षी गुरुगृही जातो आणि 24 व्या वर्षी सगळे वेद पढून, मान ताठ करून घरी येतो. बाप उद्दालक आरुणी ओळखतो, की पोरगा शिकला खरा, पण फुगलाही. दिवाळीच्या सुटीत असा चिरंजीव ज्यांच्या घरी आला असेल त्यांना अधिक सांगायला नको! बाप सांगू लागतो: आरंभी केवळ 'सत्' होते, एकच. कोणी म्हणतात, आरंभी 'असत्' होते आणि त्यातून सत् झाले. पण बाळा, असे होईल कसे?

येथे मी अडतो. ते 'कोणी' काही परके नव्हते. तैत्तिरीय उपनिषदात नेमके हेच सांगितले आहे. (त्या असताचा अर्थ 'अव्यक्त' असा लावून भाष्यकारांनी भांडण मिटवले, ती गोष्ट निराळी.) एवढ्या तोलाच्या प्रतिपक्षाला उद्दालक एका 'कसे'वर वाटेला लावतो. हा पुरावा झाला नाही. वर्गात उत्तर हाताशी नसले की आम्ही मास्तर मंडळीही असाच उलटा प्रश्न टाकून मोकळे होतो.

खरा युक्तिवाद येतो तो पुढे, बाराव्या खंडात. वडाचे फळ आण, बाप म्हणतो. आणले. फोड. फोडले. काय दिसते? बारीक दाणे. त्यातला एक फोड. आता काय दिसते? काही नाही. या 'काही नाही'साठी मी सगळा अध्याय पुन्हा वाचायला तयार आहे. हे शब्द मुलाच्या तोंडी आले आहेत, बापाच्या नव्हे. बाप एवढेच म्हणतो, की तुला न दिसणाऱ्या त्या सूक्ष्मातूनच हा एवढा वड उभा राहिला आहे. जे 'कसे'ने साधले नाही ते एका दाण्याने साधले.

2012 साली लॉरेन्स क्राउस या पदार्थवैज्ञानिकाचे विश्व शून्यातून आले असे सांगणारे पुस्तक निघाले. डेव्हिड अल्बर्ट या तत्त्वज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याचे परीक्षण करताना नेमके येथेच बोट ठेवले: तुमच्या पोकळीत क्षेत्रे आहेत, त्यांचे नियम आहेत, मग ती 'काही नाही' कशी? दाणा फोडल्यानंतरचाच हा वाद. मला अल्बर्ट यांची बाजू पटते.

पण अध्यायात एक मोठी उणीव आहे, आणि ती म्हणजे श्वेतकेतू. तोऱ्यात आलेला हा मुलगा पुढे 'आणखी सांगा' एवढेच म्हणत राहतो. 'बाबा, मग ते सत् कुठून आले?' असे तो एकदाही विचारीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, महास्फोटाच्या आधी काय होते? मी म्हणालो, "काही नव्हते. बस खाली." ती बसली. वर्ष संपेपर्यंत तिने पुन्हा हात वर केला नाही.

जयंत नारळीकर मला श्वेतकेतूने न विचारलेला प्रश्न जन्मभर विचारणारे वाटतात. विश्वाला आरंभ नाही, ते पसरते तसे नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, हा सिद्धान्त हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 साली मांडला. नारळीकर हॉईल यांचे शिष्य. महास्फोटाच्या क्षणी सगळे द्रव्य एकदम आले कुठून, हा त्यांचा आक्षेप. उलट त्यांनाही विचारीत, तुमचे नवे द्रव्य तरी कुठून येते? त्यावर गुरुशिष्यांनी ऋण ऊर्जेचे क्षेत्र मांडून हिशेब जुळवला. उद्दालकासारखे नुसते 'कसे' म्हणून ते थांबले नाहीत. 1965 साली पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशभर भरलेले मंद प्रारण सापडल्याचे जाहीर झाले आणि पारडे महास्फोटाकडे झुकले, ते आजही तिकडेच आहे. 1993 साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सिद्धान्त सुधारून पुन्हा मांडला. बहुतेकांना तो पटला नाही. 2025 साली नारळीकर गेले, ते अल्पमतातच. पण त्यांनी कोणाला खाली बसवले नाही.

यंदा मी वर्गात वडाचे फळ घेऊन गेलो. दाणा इतका बारीक, की नखाखालीच हरवला. शेवटी टाचणी घ्यावी लागली. फोडून झाल्यावर विचारले, काय दिसते? पहिल्या बाकावरचा मुलगा वाकून बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "सर, काही नाही असं नाही. आपल्याकडे भिंग नाही."