‘नपुंसकत्व’ : एक सदोष संज्ञा

पुण्याची मंडई मोकळ्या वाणीसाठी ख्यात आहे. तेथील वादचर्चेला ‘मंडई विद्यापीठ’ असे म्हटले जाते. तथापि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर पुरुषाच्या कामजीवनात होणारा पालट सांगताना ही वाणीही अडखळते. तिच्यापाशी ‘षंढ’ ही शिवी आहे आणि ग्रंथभाषेपाशी ‘नपुंसकत्व’. दुसरा शब्द शिष्ट असला तरी अधिक निर्दोष नव्हे. न-पुंस् म्हणजे जो पुरुषच नव्हे तो. (‘मूल’ नपुंसकलिंगी असल्याने व्याकरणात कोणाचे काही बिघडत नाही, रुग्णाचे बिघडते.)

वस्तुतः किरणांनी लगतच्या रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा पोहोचते आणि शिश्नाचे उत्थान काही महिन्यांत वा वर्षांत हळूहळू मंदावते. वीर्य घटते, वासना व सुखसंवेदना मात्र टिकू शकतात. वासना ओसरते ती बहुधा जोडीला दिलेल्या संप्रेरकरोधक औषधांनी. गोळ्यांनी काही जणांचे उत्थान सुधारतेही. हे सारे भेद ‘नपुंसकत्व’ या एका शब्दात बुडाले की रुग्ण डॉक्टरांना विचारणेच टाळण्याचा संभव असतो.

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने (१९२७–१९५३) इंद्रियांची व क्रियांची सरळ नावे घेण्याचा धीर मराठीत दाखविला होता. त्या मानाने ‘उत्थानदोष’ हा शब्द रुक्ष आहे. पण तो क्रियेपुरताच बोलतो, म्हणून रुग्णांसाठीच्या लेखनात तोच रूढ व्हावा.