सात अशुद्ध शीर्षके

स्लेड या ब्रिटिश बँडवर लिहिणारे बहुतेक जण डेव्ह हिलच्या चकाकत्या पोशाखापाशी आणि नॉडी होल्डरच्या आरसे लावलेल्या उंच टोपीपाशी थांबतात. ग्लॅम रॉक म्हटले की चमचमाट आलाच. मला मात्र त्यांची कारकीर्द शीर्षकांच्या स्पेलिंगमधून अधिक स्पष्ट दिसते.

हे चौघे वाढले वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉलच्या परिसरात. कोळसा आणि लोखंडावर जगलेला हा मुलूख 'ब्लॅक कंट्री' म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या बोलीची इंग्लंडभर टिंगल होते. १९७१च्या अखेरीस 'कॉज आय लव्ह यू' पहिल्या क्रमांकावर गेले. जिम लीच्या व्हायोलिनवर तोललेले हे गाणे खुद्द बँडलाच मवाळ वाटत होते. म्हणून त्यात टाळ्या आणि बुटांचे ठोके भरले, आणि शीर्षकातले 'लव्ह' एल-यू-व्ही असे लिहिले. म्हणजे स्पेलिंग हाही एक ठोकाच होता. इथून जून १९७३पर्यंत ओळीने सात सिंगल्स अशा 'अशुद्ध' शीर्षकांनी आली. पाच पहिल्या क्रमांकावर, उरलेली दोन चौथ्या आणि दुसऱ्या. शिक्षकांनी कुरकुर केली. 'पानी' लिहिणाऱ्याला लाल शाईने 'पाणी' करून देणाऱ्या आपल्या शाळांना ही कुरकुर परकी वाटणार नाही.

पण ही सातही शीर्षके एका जातीची नाहीत, आणि इकडे फारसे कुणी पाहत नाही. १९७२च्या 'टेक मी बॅक ओम'मध्ये 'होम'चा 'ह' गळतो. तो कामगारवस्तीत खरोखर गळतो. तिथे लेखन उच्चाराच्या मागे चालले आहे. 'स्क्वीझ मी प्लीझ मी'मध्ये क्यू-यूच्या जागी के-डब्ल्यू आले, तरी उच्चार तोच राहतो. कान काहीच नवे ऐकत नाही, फक्त डोळा दचकतो. हे गाणे थेट पहिल्या क्रमांकावर उतरले, तरी माझ्या मते तिथे बोली संपून ट्रेडमार्क सुरू झाला होता.

पुढे 'माय फ्रेंड स्टॅन' आले, पियानोवर चालणारे आणि शुद्ध स्पेलिंगचे. दरम्यान जुलै १९७३मध्ये ढोलकिया डॉन पॉवेल मोटार अपघातात मरता मरता वाचला होता. डिसेंबरात 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी'. खाणकामगारांच्या आंदोलनाने वीजटंचाईत सापडलेल्या देशाने ते डोक्यावर घेतले, आणि आजही दर नाताळात ते वाजते. मग १९७५चे 'हाउ डझ इट फील'. पियानो, पितळी वाद्ये, संगीतव्यवसायावरच्या एका कडवट चित्रपटाची सुरुवात. माझ्या लेखी त्यांचे सर्वोत्तम गाणे. ते पंधराव्या क्रमांकावर अडकले. श्रोत्यांना ठोके हवे होते.

अमेरिका जिंकायला गेलेला बँड तिथून रिकाम्या हाताने परतला. १९८३मध्ये लॉस एंजेलिसच्या क्वायट रायटने 'कम ऑन फील द नॉइझ' तिथे पाचव्या क्रमांकापर्यंत नेले. त्यांचा ब्लॅक कंट्रीशी काडीचाही संबंध नव्हता, तरी स्पेलिंगमधले एकही अक्षर त्यांनी सुधारले नाही.