कोऱ्या चेकचा खेळ : वर्गात न बसलेला भागधारक

कोऱ्या चेकवर सही करून तो परक्याच्या हाती देऊ नये, हे आपल्याकडे कोणालाही शिकवावे लागत नाही. तरीही २०२१ या एका वर्षात अमेरिकेत सहाशेहून अधिक कंपन्या असाच चेक मागत शेअर बाजारात उतरल्या आणि लोकांनी त्यांना १६० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. ‘स्पेशल पर्पज अ‍ॅक्विझिशन कंपनी’, थोडक्यात ‘स्पॅक’, हे या कंपन्यांचे नाव. स्वतःचा धंदा काहीच नाही. लोकांकडून पैसे घ्यायचे, ट्रस्टच्या खात्यात ठेवायचे आणि साधारण दोन वर्षांत एखादी खासगी कंपनी शोधून तिच्याशी विलीन व्हायचे. मग ती खासगी कंपनी स्वतःचा आयपीओ न काढताच बाजारात येते.

व्यवस्थापनाच्या वर्गात असे व्यवहार हल्ली नुसत्या व्याख्यानाने शिकवत नाहीत. विद्यार्थ्यांना भूमिका वाटून, आकडे हाती देऊन व्यवहार करायला लावतात. याला सिम्युलेशन म्हणतात. पद्धत उत्तम आहे. प्रश्न आहे तो स्पॅकसाठी हा खेळ कसा मांडावा याचा.

विलीनीकरणाच्या खेळाचा प्रचलित नमुना म्हणून हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंगचे ‘एम अँड ए इन वाइन कंट्री’ घेऊ. यात वाइन बनवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रमुखांच्या भूमिकेत विद्यार्थी बसतात. दुसऱ्या कंपनीचे मूल्य काढतात, किती किमतीपर्यंत ताणायचे ते ठरवतात, वाटाघाटी करतात. घासाघीस आणि मूल्यमापन शिकवायला हा साचा चांगलाच आहे, कारण तिथे ज्याचे पैसे पणाला लागले आहेत त्याच्या वतीने बोलणारा माणूस टेबलाशी हजर असतो. हाच साचा उचलून एका टेबलावर स्पॅकचे प्रवर्तक आणि दुसऱ्यावर खासगी कंपनी बसवली, की सौदा जमला म्हणजे दोघेही जिंकले असा निकाल लागतो. स्पॅकबद्दल याहून चुकीचा धडा दुसरा नसेल.

का, ते हिशेबानेच पाहू. समजा, स्पॅकने १० डॉलरला एक याप्रमाणे १ कोटी शेअर विकले. ट्रस्टमध्ये १० कोटी डॉलर जमा झाले. रिवाजाप्रमाणे प्रवर्तकाला २५ लाख शेअर, म्हणजे एकूण शेअरांचा पाचवा हिस्सा, अवघ्या २५ हजार डॉलरला मिळतो. आयपीओ हाताळणाऱ्या बँकांचे राखून ठेवलेले साडेतीन टक्के कमिशन, म्हणजे ३५ लाख डॉलर, विलीनीकरणाच्या वेळी ट्रस्टमधून जाते. आता नियमाचा गाभा असा, की सौदा जाहीर झाल्यावर कोणताही भागधारक आपला शेअर परत करून १० डॉलर आणि त्यावरचे व्याज घेऊ शकतो. शेअरसोबत मिळालेले वॉरंट, म्हणजे पुढे ठरावीक भावाने शेअर घेण्याचा हक्क, मात्र त्याच्याकडेच राहतो.

कोणीच पैसे परत मागितले नाहीत, तर ९ कोटी ६५ लाख डॉलर सव्वा कोटी शेअरांना पुरवायचे. शेअरमागे ७ डॉलर ७२ सेंट येतात. ६० टक्के शेअर परत आले, तर उरलेल्या ६५ लाख शेअरांमागे ३ कोटी ६५ लाख डॉलर राहतात, म्हणजे ५ डॉलर ६२ सेंट. ९० टक्के परत आले, तर ३५ लाख शेअरांमागे ६५ लाख डॉलर, म्हणजे १ डॉलर ८६ सेंट. वॉरंटांचा बोजा यात धरलेलाच नाही. चेक परत घेण्याची सोय खरी आहे. पण घेणारे जितके जास्त, तितका प्रवर्तकाच्या शेअरांचा आणि कमिशनचा भार उरलेल्यांच्या डोक्यावर चढतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. क्लाउझनर, ओलरॉग आणि रुआन या अभ्यासकांनी जानेवारी २०१९ ते जून २०२० या काळात विलीन झालेले ४७ स्पॅक तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्पॅकमध्ये विलीनीकरणाच्या वेळी १० डॉलरच्या शेअरमागे ७ डॉलरचीही रोख नव्हती. हा खर्च मुख्यतः शेअर न परतवता थांबलेल्या भागधारकांनी सोसला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता प्रवर्तकाकडे पाहू. समजा, वरखर्चासाठी त्याने आणखी ३० लाख डॉलर घातले आणि विलीनीकरणानंतर शेअर ४ डॉलरवर घसरला. थांबलेल्याचे १० डॉलरचे ४ झाले. प्रवर्तकाचे २५ लाख शेअर मात्र १ कोटी डॉलरचे आहेत. सौदा झालाच नसता, तर भागधारकाला पूर्ण १० डॉलर परत मिळाले असते आणि प्रवर्तकाचे ३० लाख बुडाले असते. एकाला वाईट सौदाही परवडतो, दुसऱ्याला सौदा न होणे परवडते. स्पॅकमध्ये शिकण्यासारखे जे आहे ते या विरोधात आहे, आणि दोन टेबलांच्या खेळात नेमके तेच दिसत नाही.

म्हणून स्पॅकच्या खेळात तीन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे आणखी दोन खुर्च्या. एक वॉरंट ठेवून शेअर परत करणाऱ्या फंडाची, दुसरी शेवटपर्यंत थांबणाऱ्या साध्या भागधारकाची. दुसरी गोष्ट, गुण सौद्याच्या दिवशी द्यायचे नाहीत, किमान वर्षभरानंतरच्या भावावर द्यायचे. निकोला ही ट्रक बनवू पाहणारी कंपनी जून २०२० मध्ये व्हेक्टोआयक्यू या स्पॅकमार्फत बाजारात आली आणि काही दिवसांत भाव ६५ डॉलरच्या वर गेला. त्या आठवड्यात निकाल लावला असता, तर सगळ्याच टेबलांना पैकीच्या पैकी गुण पडले असते. जाहिरातीत धावताना दिसलेला ट्रक प्रत्यक्षात उतारावरून सोडलेला होता. संस्थापक २०२२ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरला, पुढे २०२५ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिसरी गोष्ट, ‘सौदा नको’ या निर्णयालाही गुण हवेत. सर्वांत मोठा स्पॅक बिल अ‍ॅकमन यांचा. २०२० मध्ये त्यांनी ४ अब्ज डॉलर उभे केले आणि योग्य कंपनी न मिळाल्याने २०२२ मध्ये सगळे परत केले. दोन टेबलांच्या खेळात हे अपयश ठरेल. थांबलेल्याच्या खुर्चीवरून पाहिले, तर शेकडो स्पॅकमधला तो प्रामाणिक शेवट होता.

एवढ्या खुर्च्या मांडल्या तर खेळ गुंतागुंतीचा होईल, एका तासिकेत संपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण खेळातून जे वगळले जाते ते विद्यार्थ्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननेही जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम करताना प्रवर्तकाचा मोबदला आणि त्यामुळे शेअरमागचे मूल्य किती पातळ होते, हे ठळकपणे सांगण्याची सक्ती केली. नियामकाने जे पुढे आणले ते वर्गाने मागे ठेवू नये.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. औरंगाबादेत रुजलेल्या व्हिडिओकॉन समूहाची डीटीएच कंपनी, व्हिडिओकॉन डी२एच, २०१५ मध्ये सिल्व्हर ईगल या स्पॅकमार्फत अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली. तेव्हा कंपनी आपली होती आणि चेकवर सही करणारे साता समुद्रापलीकडे होते. २०२१ मध्ये गुजरातच्या गिफ्ट सिटीतील नियामकाने स्पॅकच्या नोंदणीला नियमांत जागा दिली. उद्या सही करणारा हातही आपल्यातलाच कोणाचा असू शकेल. पुण्या-मुंबईच्या वर्गांत हा खेळ मांडायचा झाला, तर थांबणाऱ्या भागधारकाची खुर्ची सर्वांत आधी मांडावी आणि वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला तिथे बसवावे.