ओरानिएनबुर्ग छावणीवरील दोन ग्रंथ

बर्लिनच्या उत्तरेस ओरानिएनबुर्ग गांवीं एका बंद पडलेल्या बीअरच्या कारखान्यांत नाझी पक्षाच्या एस. ए. दलानें ता. २१ मार्च १९३३ रोजीं राजकीय बंद्यांची छावणी उघडली. तिजवर १९३४ सालीं दोन ग्रंथ निघाले : एक गेरहार्ट सेगर याचा, दुसरा छावणीचा प्रमुख वेर्नर शेफर याचा. सेगर हा राइखस्टागचा समाजवादी सभासद. डिसेंबर १९३३ मध्यें तो तेथून निसटला व प्रागेस पोंचला.

दोघेही पक्षकार, सबब दोघांस सारखेच तोलावें, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. सेगर आरंभींच साक्षीदाराची शपथ घेतो. शपथेनें कथन सिद्ध होत नाहीं हें खरें. पण तो छळ करणारांचीं नांवें देतो, म्हणून तें तपासतां येतें. त्याच्या पलायनानंतर त्याची पत्नी व लहान मुलगी यांस अटक झाली, हेंही विसरूं नये. उलट शेफर लिहितो तेव्हां ज्यांविषयीं लिहितो ते त्याच्याच कुलपांत आहेत. ही पहिली जर्मन छावणी, असें त्याचें उपशीर्षक म्हणतें. परंतु थुरिंगियांतील नोरा येथील छावणी ता. ३ मार्चची आहे. तथापि त्याचा ग्रंथ टाकाऊ नव्हे. तो स्वतःविरुद्ध जें कबूल करितो तें ग्राह्य. स्वतःच्या लाभाचें सांगतो त्यास अन्य पुरावा हवा.

जुलै १९३४ मध्यें कवि एरिख म्यूझाम या छावणींत मरण पावला. अधिकाऱ्यांनीं आत्महत्या जाहीर केली. सहबंद्यांनीं खून सांगितला, व तोच आज मान्य आहे. शिक्क्यानें कागद अस्सल ठरतो, मजकूर नव्हे.