‘सीमा’ आणि ‘मर्यादा’ : डोळ्यातील बाहुलीचे गणित

‘सीमा’ ही संकल्पना विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याकरिता कलनाच्या अध्यापनात डोळ्यातील बाहुलीचे एक उदाहरण घेतलेले आढळते. प्रकाशाच्या तीव्रतेचा ०.४ वा घात ‘त’ मानल्यास, एका प्राण्याच्या बाहुलीचा मिलिमीटरांतील व्यास (१६० + ९०त) ÷ (४ + १५त) या फलाने दर्शविला जातो. तीव्रता शून्याकडे गेली की व्यास ४० कडे जातो. ती अमर्याद वाढली की ६ कडे. अंधारात बाहुली विस्फारते व उजेडात आक्रसते, हा नित्याचा अनुभव अशा रीतीने दोन सीमांत बसतो. उदाहरण सुबक आहे. परंतु ते जितके शिकविते, तितकेच झाकतेही.

पहिला आक्षेप वस्तुस्थितीचा. मानवी नेत्रगोलाचाच व्यास सुमारे २४ मिलिमीटर. त्यात ४० मिलिमीटरांची बाहुली मावणार कोठे? ‘एक प्राणी’ या मोघम निर्देशाने प्रश्न टाळला जातो, आणि उत्तराची संख्या हाती येताच विद्यार्थीही तो विचारीत नाही. मून व स्पेन्सर यांनी १९४४ मध्ये मानवी बाहुलीकरिता मांडलेल्या सूत्राच्या सीमा मात्र ७.९ व १.९ मिलिमीटर येतात, आणि त्या पटतात. त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे १७ भरते. म्हणजे बाहुली आत येणारा प्रकाश फार तर १७ पटींनी कमीअधिक करू शकते. चांदणे व भर दुपारचे ऊन यांतील अंतर तर लाखो पटींचे. उरलेले कार्य मुख्यतः दृष्टिपटलाचे होय.

दुसरा आक्षेप काळाचा. गांधीबागेतील कापडबाजारात वैशाखाच्या उन्हातून एखाद्या खोल, अंधाऱ्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकास लुगड्याचा काठ प्रथम नीट दिसत नाही. बाहुली सावकाश विस्फारते, दृष्टिपटल त्याहूनही सावकाश सरावते. उलट, उन्हात परतताच बाहुली सेकंदाच्या आत आक्रसू लागते. जाणे व येणे यांतील हा भेद सदर फलात नाही; कारण त्यात तीव्रता आहे, काळ नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तोच मुळाशी आहे. मराठी मनाला ‘सीमा’ म्हणजे गावाची शीव. तेथे पोचता येते, दसऱ्यास ती ओलांडताही येते. गणितातील सीमा तशी नव्हे. प्रस्तुत फल तीव्रता वाढेल तसे ६ च्या जवळ जाते, पण कोणत्याही सांत तीव्रतेस ६ होत नाही. बाहुलीचे आक्रसणे मात्र स्नायूंच्या शक्तीपाशी प्रत्यक्षात थांबते. पहिली गोष्ट फलाची सीमा. दुसरी देहाची मर्यादा. दोहोंस एकच शब्द वापरल्याने विद्यार्थी सूत्राचा गुण डोळ्यावर लादतो.

डॉ. रघुवीर यांनी ज्या नागपुरात पारिभाषिक शब्दांचे विशाल कार्य केले, तेथे हा विवेक अप्रस्तुत ठरू नये. नवा शब्द घडविण्याची गरज नाही. आहेत त्या दोन शब्दांची कामे वेगळी ठेवली म्हणजे पुरे. ‘बाहुली’ या शब्दापाशी संस्कृत ‘कनीनिका’ व लॅटिन ‘प्युपिला’ हेही येऊन मिळतात. तिन्हींत समोरच्याच्या डोळ्यात दिसणारी आपलीच चिमुकली आकृती आहे. सूत्रातही पुष्कळदा सूत्रकाराचीच आकृती दिसते. यास्तव सीमा काढून झाल्यावर ‘हा डोळा कोणाचा?’ हे विचारणे, हा त्या गणिताचाच अखेरचा टप्पा मानला पाहिजे.