प्राध्यापक गेले, मागे काय उरले?

नामवंत प्राध्यापक विद्यापीठ सोडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या कंपन्यांत जातात, यावर मराठीत जे लिहिले जाते त्याचा सूर ठरलेला असतो. आधी पगाराचा आकडा, मग ‘बुद्धीची गळती’, शेवटी सरकारला चार खडे बोल. माणूस गेला, पण त्याच्या कामापैकी मागे काय राहिले, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. माणसाला अडवता येत नाही आणि अडवूही नये. कामाचे तसे नाही. ते कुठे ठेवायचे हे ठरवता येते.

टोरांटोच्या जेफ्री हिंटन यांची दोन विद्यार्थ्यांसह काढलेली छोटी कंपनी २०१३ मध्ये गूगलने घेतली. उबरने २०१५ मध्ये कार्नेगी मेलनच्या रोबोटिक्स केंद्रातून चाळीसेक माणसे एकदम उचलली. हे दाखले सर्वत्र दिले जातात. आपल्याकडचा दाखला त्याहून जुना आणि मला वाटते अधिक शिकवणारा आहे : नरेंद्र करमरकर. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, पण वाट हीच आहे.

करमरकर आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर. बर्कलीला डॉक्टरेट करून ते एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत मांडली. वेल्ह्याच्या खोऱ्यातले दूध गोळा करायला कोणती गाडी कोणत्या फेरीला कोणत्या गावी धाडावी म्हणजे खर्च कमीत कमी येईल, हा रेषीय नियोजनाचाच हिशेब. मोठ्या उद्योगांत त्याच हिशेबाला हजारो अटी असतात. डँट्झिग यांची १९४७ ची रीत शक्यतांच्या आकृतीच्या धारेधारेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. करमरकरांची रीत आकृतीच्या पोटातून वाट काढते.

एटी अँड टीने या रीतीचे पेटंट १९८८ मध्ये मिळवले. गणिताला पेटंट कसले, म्हणून पुष्कळ ओरड झाली. कंपनीने ‘कॉर्बेक्स’ नावाची यंत्रणा ८९ लाख डॉलरना विकायला काढली, तिला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. रीत संगणकावर नेमकी कशी बसवली याचा तपशील बाहेर येत नव्हता, त्यामुळे वेगाचे दावे इतरांना पडताळता येईनात. पण मूळ निबंध ‘काँबिनेटोरिका’ या नियतकालिकात छापला गेला होता. तो वाचून दोनच वर्षांत इतर गणितींनी त्याचे जुन्या पद्धतींशी असलेले नाते उलगडले. डिकिन या सोव्हिएत गणितज्ञाचे १९६७ पासून दुर्लक्षित पडलेले कामही त्या निमित्ताने उजेडात आले. आज ‘अंतर्बिंदू पद्धती’ ही गणिताची मोठी शाखा आहे. कॉर्बेक्सचे नाव मात्र जुन्या कागदांतच सापडते.

पुढचा अंक पुण्यातला. करमरकर १९९८ ते २००५ मुंबईच्या टीआयएफआरमध्ये प्राध्यापक होते. प्रक्षेपीय भूमितीवर आधारलेल्या महासंगणकाची कल्पना ते कितीतरी आधीपासून बाळगून होते. टाटांच्या पैशावर पुण्यात ‘कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ ही कंपनी उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. वेग ११७.९ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख १८ हजार अब्ज आकडेमोडी. सर्व्हर ह्युलेट-पॅकार्डचे, प्रोसेसर इंटेलचे. वर्तमानपत्रांनी त्याचा यथायोग्य गौरव केला. पुढे २०१२ मध्ये ती कंपनी टीसीएसने घेतली.

१९८४ चा निबंध आजही कुठलाही विद्यार्थी उघडून बसू शकतो. ‘एका’बाबत त्याच्या हाती मुख्यतः क्रमांक लागतो. एकाच माणसाची ही दोन कामे असल्यामुळे बुद्धी कमी पडली असे म्हणायला जागा नाही. फरक पडला तो खुलेपणाने.

हाच गज आजच्या मंडळींना लावून पाहावा. आयआयटी मद्रासमधील ‘एआय४भारत’ या गटाचे एक सहसंस्थापक प्रत्यूष कुमार यांनी विवेक राघवन यांच्यासह २०२३ मध्ये ‘सर्वम’ ही कंपनी काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला ४ कोटी १० लाख डॉलरचे भांडवल मिळाले. गळतीचे रडगाणे गाणाऱ्यांना एवढे पुरेसे आहे. पण त्या गटाने केलेले काम विद्यापीठातच, उघड्यावर राहिले आहे. ‘इंडिकव्हॉइसेस’ या बोलीच्या संग्रहात २०२४ मध्ये १४५ जिल्ह्यांतल्या १६,२३७ माणसांचे ७,३४८ तासांचे बोलणे होते, २२ भाषांतले, मराठीसकट. ते कंपनीलाही वापरता येते आणि एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या पोरालाही. कंपनीनेही काही प्रारूपे खुली केली, हे नमूद करायला हवे. मात्र प्रारूप खुले असणे आणि ते ज्या मजकुरावर घडले तो मजकूर खुला असणे, या दोन गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

मुंबईत आयआयटीच्या पुढाकाराने चाललेला ‘भारतजेन’ प्रकल्प तिसरी वाट दाखवतो. तिथे प्राध्यापक संस्थेतच राहून मोठे प्रारूप घडवत आहेत. त्यांच्या पहिल्या प्रारूपाचे नाव ‘परम-१’. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा ‘परम’ ज्यांना आठवतो त्यांना गंमत वाटेल. हे ‘परम’ मात्र हिंदी-इंग्रजी आहे. मराठीला तेव्हा रांगेत उभे राहावे लागले.

माझा खरा आक्षेप विद्यापीठांवर आहे. नाव झालेला माणूस गेल्यावर त्याचा संग्रह सांभाळणे, चुका दुरुस्त करणे, भर घालणे हे काम कोणाकडे सोपवायचे? आमच्या नसरापूरच्या बाजारात भाताच्या हंगामात राब, आवणी, खाचर हे शब्द सहज कानांवर पडतात. मराठीच्या कुठल्याही संग्रहात ते यायचे तर कोणीतरी बांधावर जाऊन, महिनोन्महिने, नावाचा फलक न लागता ऐकले पाहिजे. राज्यातल्या महाविद्यालयांत असे काम करू शकेल असा भाषेचा शिक्षक आज बहुधा घड्याळी तासिका तत्त्वावर असतो. त्याचे मानधन वर्गात शिकवलेल्या तासांवर ठरते. बांधावर घालवलेल्या तासासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.